पोर्टल करायचंय? पहिला माणूस काउंटरवरचा घ्या

मुंबईच्या लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकल मालाच्या एका होलसेल दुकानात मी एक अख्खा दिवस काउंटरच्या आतल्या बाजूला, स्टुलावर बसून काढला. दुकानाला डीलरांसाठी वेब पोर्टल हवं होतं. साडेअकराच्या सुमारास पालघरहून फोन आला. काउंटरवरच्या काकांनी फोन खांद्यात धरला आणि पॅडवर लिहायला सुरुवात केली. पलीकडचा माणूस एवढंच म्हणाला, "काका, दीडची चार बंडलं, नेहमीची. दोन लाल, एक काळं, एक हिरवं. आणि मागच्यासारखं करा." काकांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मिनीटसुद्धा लागलं नाही.

मी काकांना विचारलं, मागच्यासारखं म्हणजे काय? त्यांनी न अडखळता सांगितलं. "दीडची" म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची वायर. "नेहमीची" म्हणजे अमुक कंपनीची, आग लवकर न पकडणाऱ्या आवरणाची, ९० मीटरचं बंडल. "मागच्यासारखं" म्हणजे ठरलेला डिस्काउंट, तीस दिवसांची उधारी आणि त्याच टेम्पोवाल्याकडे माल. म्हणजे कंपनी, प्रकार, दर, उधारीची मुदत आणि वाहतूक, या पाच गोष्टी दोन शब्दांत उरकल्या होत्या. आमच्या टीमने शेठच्या केबिनमध्ये बसून लिहिलेल्या साठ पानी रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये या दोन शब्दांना जागाच नव्हती. त्यात डॅशबोर्ड होता, तीन प्रकारचे चार्ट होते. "मागची ऑर्डर पुन्हा" असं बटण नव्हतं.

पुढे तेच बटण त्या पोर्टलवर सगळ्यात जास्त वापरलं गेलं.

हा लेख ज्यांच्या अंगावर असं काम पहिल्यांदाच आलंय त्यांच्यासाठी आहे. घरच्या धंद्यात नुकतेच उतरलेले मुलगा-मुलगी, छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत पहिल्यांदा प्रोजेक्ट हाताळणारे, किंवा ऑफिसात "तुला कॉम्प्युटरचं कळतं, तूच बघ" असं ज्यांना सांगितलं गेलंय ते. उदाहरण मी होलसेल धंद्याचं घेतलंय, कारण मुंबईत मी तेच जवळून पाहिलं. मशीद बंदरचा सुकामेवा असो, मूळजी जेठा मार्केटचं कापड असो की अंधेरी एमआयडीसीतला कारखाना, पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

पहिली पायरी: एकच काम निवडा

वेबसाइट आणि पोर्टल यांतला फरक आधी मालकाला नीट समजावून सांगा. वेबसाइट सगळ्यांना एकच गोष्ट दाखवते. पोर्टलमध्ये माणूस लॉगिन करतो आणि त्याला त्याचा दर, त्याची ऑर्डर, त्याचा उतारा दिसतो. म्हणजे पोर्टलला धंद्याच्या आतल्या गोष्टी माहीत असाव्या लागतात, आणि खर्च वाढतो तो तिथेच.

मालक पहिल्या मीटिंगमध्ये सगळं मागतो: ऑर्डर, स्टॉक, उधारी, स्कीम, सेल्समनची हजेरी, वर मोबाइल ॲप. सगळं लिहून घ्या, नाही म्हणू नका. मग एकच प्रश्न विचारा: "यातलं कोणतं एक काम पोर्टलवर गेलं तर उद्यापासून तुमचे फोन कमी होतील?" उत्तर मिळेल ती पहिली आवृत्ती. लोहार चाळीत ते उत्तर होतं ऑर्डर घेणं आणि खात्याचा उतारा दाखवणं. बाकी सगळं दुसऱ्या यादीत गेलं.

पेमेंट गेटवे (साइटवरच पैसे भरून घेण्याची सोय) हासुद्धा आम्ही पहिल्या आवृत्तीतून काढला आणि तोच सल्ला मी होलसेलवाल्या प्रत्येकाला देतो. मोठी बिलं एनईएफटी-आरटीजीएसनेच येतात. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. डीलरने पैसे पाठवून यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) टाकायचा, अकाउंट्सने जुळवायचा. काम भागतं आणि गेटवेचं कमिशनही वाचतं. किरकोळ ग्राहकाला माल विकत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे गेटवे लागतोच. मात्र ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ग्राहकाचा कार्ड नंबर तुम्हाला तुमच्याकडे साठवता येत नाही, टोकनवर, म्हणजे कार्ड नंबरच्या जागी मिळणाऱ्या सांकेतिक क्रमांकावर, काम चालतं. कोणी डेव्हलपर "डेटाबेसमध्ये ठेवू" म्हणाला तर तिथेच थांबवा.

दुसरी पायरी: निर्णय घेणारा माणूस नेमा

टीम म्हटलं की लोक डेव्हलपर मोजायला लागतात. मी आधी धंद्याच्या बाजूचा माणूस मागतो. तो मिळेपर्यंत कामाला हात लावत नाही, आणि यावर मी आता ठाम झालोय.

कारण रोज प्रश्न निघतात. डीलरची उधारीची मर्यादा ओलांडली तर ऑर्डर अडवायची की फक्त सूचना दाखवायची? भिवंडीच्या गोडाऊनला तीनच बंडलं असतील आणि ऑर्डर चारची असेल तर तीन पाठवायची की थांबायचं? बंद पडलेल्या मालाचं चित्र ठेवायचं का? याची उत्तरं डेव्हलपरकडे नसतात. उत्तर दोन दिवस आलं नाही तर डेव्हलपर स्वतःच्या मनाने काहीतरी ठरवून पुढे जातो, आणि ते दोन महिन्यांनी चुकीचं निघतं. मी ज्या रखडलेल्या कामांत निस्तरायला म्हणून गेलो, त्यांतल्या बहुतेकांत कोडिंग बरं होतं. निर्णय मात्र कोणीच घेतले नव्हते.

हा माणूस शेठ स्वतः नसावा. शेठला वेळ नसतो आणि त्यांच्यासमोर कोणी "हे चुकतंय" म्हणत नाही. नवीन इंजिनियर झालेला पुतण्याही एकटा पुरत नाही. त्याला पोर्टल कळतं, पण पालघरच्या डीलरला नेहमीचं काय लागतं ते कळत नाही. मला सगळ्यात चांगला अनुभव आला तो दोघांच्या जोडीचा. काउंटरवर वीस वर्षं काढलेले काका आणि घरातली नव्या पिढीची व्यक्ती. काका सांगतात कसं चालतं, दुसरी व्यक्ती लिहून सही करते.

या जोडीसाठी तीन गोष्टी मालकाकडून लेखी घ्या. आठवड्यातले ठरलेले तास, माझ्या हिशेबाने दहा ते बारा. किती रुपयांपर्यंतचा बदल ते स्वतः मंजूर करू शकतात तो आकडा. आणि त्या तासांत काउंटरवर त्यांच्या जागी कोण उभं राहणार त्याचं नाव. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. बदली माणूस नसेल तर काका मीटिंगला येणारच नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

अकाउंट्समधून एक माणूस आणि गोडाऊनमधून एक माणूस अधूनमधून लागतो. त्यांचेही तास धरा.

तिसरी पायरी: बसून बघा, मग लिहा

टीममधल्या बिझनेस ॲनालिस्टला (धंदा समजून घेऊन डेव्हलपरसाठी लिहून काढणाऱ्याला) पहिले चार-पाच दिवस ऑफिसात बोलावू नका. दुकानात बसवा. दोन दिवस काउंटर, एक दिवस अकाउंट्स, एक दिवस गोडाऊन. जमलं तर एक दिवस डीलरच्या दुकानात, कारण पोर्टल वापरणार तो आहे.

साधी वही पुरते. पानावर तीन रकाने आखायचे: माणूस काय बोलला, त्याचा अर्थ काय, आणि ती माहिती कुठून आली. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा. "दर टॅलीतून" (टॅली म्हणजे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर), "स्टॉक गोडाऊनला फोन करून," "डिस्काउंट काकांच्या डोक्यातून." ज्या ज्या ओळीत "डोक्यातून" असं येईल तिथे पोर्टल अडणार हे धरून चाला. ती माहिती आधी कुठेतरी लिहून काढावी लागेल, आणि ते काम कोणत्याही डेव्हलपरच्या अंदाजपत्रकात धरलेलं नसतं.

कायद्याच्या बारीक गोष्टीही इथेच हाताला लागतात. पाच कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्यांना ऑगस्ट २०२३ पासून एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला केलेल्या विक्रीला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) बंधनकारक आहे. एकदा आयआरएन (त्या बिलाचा नोंदणी क्रमांक) निघाला की तो चोवीस तासांतच रद्द करता येतो, नंतर क्रेडिट नोट काढावी लागते. आता डीलरने ऑर्डर रद्द केली तर पोर्टलवर काय व्हावं? बिल निघायच्या आधी एक रस्ता, पहिल्या चोवीस तासांत दुसरा, नंतर तिसरा. हे अकाउंट्सचा माणूस तुम्हाला पाच मिनिटांत सांगेल, पण विचारलं तरच.

चौथी पायरी: मालाची यादी साफ करायला माणूस द्या

हे काम सगळे शेवटी ढकलतात. मी ते पहिल्या आठवड्यात सुरू करतो.

वर्षानुवर्षं चालवलेल्या टॅलीत एकाच ३२ अँपियरच्या एमसीबीला (जास्त करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) आम्हाला सात नावं सापडली. कुठे आधी आकडा, कुठे आधी कंपनी, कुठे "सिंगल पोल" पूर्ण लिहिलेलं, कुठे नुसतं "एसपी", एका ठिकाणी स्पेलिंगच चुकलेलं. काउंटरवर याने काही बिघडत नाही, माणूस बघून समजतो. पोर्टलवर मात्र डीलरला एकच वस्तू सात वेळा दिसते, त्यातल्या सहांना स्टॉक शून्य. तो वैतागून परत फोन उचलतो.

दुकानात काम केलेला, एक्सेल येणारा एक मुलगा किंवा मुलगी पूर्ण वेळ लावा. डेव्हलपरला हे काम देऊ नका. महाग पडतं आणि त्याला माल ओळखता येत नाही. प्रत्येक वस्तूला एकच नाव, एकच कोड, एचएसएन (जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा कोड), जीएसटीचा दर, पॅकिंग आणि एक बरा फोटो. पाच हजार वस्तू असतील तर रोज दीडशे ते दोनशे तपासून होतात, म्हणजे सव्वा ते दीड महिना जातो. हा हिशेब मालकाला पहिल्याच दिवशी दाखवा.

मराठीत नावं द्यायची असतील तर सगळा मजकूर युनिकोडमध्येच (कोणत्याही फोन-कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या दुकानांतून अजून सापडतात. त्या कन्व्हर्टरमधून काढल्यावर जोडाक्षरं, "ळ" आणि "दुसऱ्या"तला "ऱ्य" डोळ्यांनी तपासावे लागतात. डीलर "वायर" मराठीतही शोधेल आणि रोमन लिपीतही, म्हणून शोध दोन्ही लिपींत चालला पाहिजे. ही अट करारात लिहा.

पाचवी पायरी: दिवस मोजा

अंदाज कसा काढायचा ते एका हिशेबाने दाखवतो. समजा लॉगिन, कॅटलॉग, डीलरनुसार दर, ऑर्डर, खात्याचा उतारा, टॅलीशी जोडणी आणि ॲडमिनची बाजू एवढं काम आहे. प्रत्येक भाग जो करणार आहे त्यालाच दिवस विचारा, वरून लादू नका. बेरीज आली १२० मॅन-डे (एक मॅन-डे म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम). हे फक्त कोडिंग. त्याच्या एक तृतीयांश टेस्टिंग, म्हणजे ४०. ॲनालिसिस आणि डिझाइन ४०. प्रोजेक्ट सांभाळणं ३०. सर्व्हर, डेटा भरणं, चालू करणं २५. झाले २५५. त्यावर वीस टक्के हातचे ठेवा, म्हणजे साधारण ३०५. यादी साफ करण्याचे दिवस यात नाहीत, ते दुकानाच्या खात्यावर.

आता महिने. तीन डेव्हलपर धरले तर कोडिंगचे प्रत्येकी ४० दिवस. महिन्यात कामाचे २२ दिवस असले तरी सुट्ट्या, मीटिंगा, आजारपण, लोकल बंद पडलेले दिवस वजा जाता हाती १७ येतात. म्हणजे जवळजवळ अडीच महिने. आधी पाच आठवडे समजून घेण्याचे, नंतर पाच आठवडे चाचणी आणि मर्यादित वापराचे. एकूण वीस आठवडे.

हे ऐकून मालक म्हणतो, "माणसं दुप्पट लावा, दहा आठवड्यांत करा." इथे एक साधं गणित कागदावर काढून दाखवा. सहा माणसं असली की एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या होतात १५. नऊ असली की ३६. माणसं दीडपट, समन्वय दुपटीहून जास्त. वर मध्येच आलेल्या नव्या माणसाला शिकवायला जुन्याचेच दिवस जातात. उशीर झालाच तर माणसं वाढवू नका, यादीतलं काम कमी करा. कोणतं कमी करायचं ते काका आणि त्यांचा जोडीदार ठरवतील, त्यासाठीच ती जोडी नेमली.

सहावी पायरी: कोण कधी येणार, कधी जाणार

अशा पोर्टलला मी आठ-नऊ जणांची टीम धरतो. सगळे एकदम आणि शेवटपर्यंत लागत नाहीत.

प्रोजेक्ट मॅनेजर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत, छोट्या कामात अर्धा वेळ चालतो. बिझनेस ॲनालिस्ट पहिले सहा आठवडे पूर्ण वेळ, मग अर्धा वेळ, चाचणीला पुन्हा पूर्ण. डिझायनर दुसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत. बॅक-एंडचे (सर्व्हरच्या बाजूचा कोड लिहिणारे) दोघे आणि फ्रंट-एंडचा (स्क्रीनवर दिसणारा भाग करणारा) एक चौथ्या-पाचव्या आठवड्यात येतात. त्यांतला सीनियर मात्र पहिल्या आठवड्यापासून रोज तासभर हवा, नाहीतर "हे असं होणारच नाही" हे फार उशिरा कळतं. सर्व्हर सांभाळणारा माणूस सुरुवातीला दोन-तीन दिवस आणि शेवटी आठवडाभर.

टेस्टरबद्दल जरा जास्त सांगतो, कारण सगळ्यात जास्त चूक तिथे होते. टेस्टरला शेवटी बोलावतात, तेव्हा तारीख गळ्याशी आलेली असते आणि मग "मोठे बग तेवढे बघ" असं सांगितलं जातं. मी टेस्टरला तिसऱ्या आठवड्यात आणतो, कोडची एक ओळही नसताना. तो वहीतले ते तीन रकाने वाचतो आणि प्रत्येक ओळीला एक प्रश्न लिहितो. आमच्या टेस्टर ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "डीलरने दुपारी ऑर्डर टाकली आणि संध्याकाळी तांब्याचा भाव हलला म्हणून नवी प्राइस लिस्ट आली, तर बिल कोणत्या दराने?" सगळी टीम गप्प. वायरच्या धंद्यात हे सारखं घडतं. डेव्हलपमेंट झाल्यावर हा प्रश्न आला असता तर ऑर्डरचा सगळा भाग उकलून परत लिहावा लागला असता.

आणखी एक माणूस लोक धरतच नाहीत: मजकूर लिहिणारा. बटणांवरचे शब्द, काही चुकलं तर दिसणारी सूचना, डीलरला जाणारा एसएमएस हे डेव्हलपरवर सोडू नका. "अवैध इनपुट" वाचून पालघरच्या दुकानदाराला काय कळणार? "या डीलर कोडचं खातं सापडलं नाही, काउंटरला फोन करा" असं लिहायला अर्धवेळ माणूस पुरतो.

सातवी पायरी: माणसं घेताना आणि करार करताना

स्वतःची टीम उभी करायची की बाहेरच्या कंपनीला काम द्यायचं? पोर्टल हाच तुमचा धंदा असेल तर स्वतःची टीम. धंदा वायर विकण्याचा असेल तर काम बाहेर द्या, पण एक तांत्रिक माणूस आपला ठेवा, जो त्यांचं काम वाचू शकेल.

भरती करत असाल तर आपल्याकडच्या नोटीस पीरियडचा हिशेब धरा. अनुभवी माणसाला आधीची कंपनी दोन ते तीन महिने सोडत नाही, आणि त्या काळात त्याला दुसरी ऑफर येऊन तो तिकडे जाण्याचीही शक्यता असते. मुलाखती काम सुरू व्हायच्या तीन महिने आधी घ्या, निवड झालेल्याशी दर आठवड्याला बोलत राहा. मुलाखतीत मी कोडी घालत नाही. दुकानाच्या यादीचं एक पान समोर ठेवतो आणि म्हणतो, याचं पोर्टल करायचंय, काय विचारशील? जो लगेच डेटाबेसचं नाव सांगतो त्याच्यापेक्षा "सगळ्या डीलरना दर एकच आहे का?" असं विचारणारा मला जास्त आवडतो.

बसायची जागा ठरवताना नकाशावर टीमची घरं मांडा. कोणी बदलापूरहून येणार, कोणी विरारहून, कोणी पनवेलहून. दादर किंवा घाटकोपर सगळ्यांना त्यातल्या त्यात मधलं पडतं. घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरीही गाठता येते. रोज सगळ्यांना बोलावण्याची गरज नाही. आठवड्यातले दोन दिवस एकत्र, त्यातला एक दुकानात. पावसाळ्यात समुद्राच्या भरतीची वेळ आणि जोराचा पाऊस एकत्र आले तर घरून काम, हे आधीच ठरवून ठेवा.

बाहेर काम देत असाल तर कराराची चार कलमं स्वतः वाचा. पहिलं, कोडची मालकी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअर येतं. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या कंपनीने किंवा फ्रीलान्सरने लिहिलेला मात्र, लेखी हस्तांतर नसेल तर, त्यांचाच राहतो. हस्तांतर लिहिलं पण मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचंच समजलं जातं आणि क्षेत्र लिहिलं नाही तर भारतापुरतंच. म्हणून "कायमस्वरूपी, जगभरासाठी" हे शब्द कागदावर हवेत. दुसरं, डोमेन (साइटचा पत्ता), सर्व्हर आणि कोडच्या साठ्याचं खातं तुमच्या कंपनीच्या ईमेलवर. मी एका दुकानदाराला आठ महिने स्वतःच्याच डोमेनसाठी आधीच्या डेव्हलपरच्या मागे फिरताना पाहिलंय. तिसरं, पैसे महिन्यावर नकोत, चालून दाखवलेल्या कामावर द्या, आणि शेवटचे दहा-पंधरा टक्के पोर्टल चालू होऊन महिना झाल्यावर. सॉफ्टवेअर सेवेवर अठरा टक्के जीएसटी येतो, तो आकड्यात आहे की वेगळा ते लिहून घ्या. चौथं, करारात ठरलेला सीनियर माणूस बदलायचा झाला तर तुमची संमती आणि दोन आठवडे दोघंही एकत्र कामावर.

मध्येच उरकायची सरकारी आणि बाहेरची कामं

ही कामं छोटी दिसतात, पण तारीख त्यांच्यावाचून अडते, म्हणून पहिल्याच आठवड्यात सुरू करा. लॉगिनचा ओटीपी एसएमएसने जाणार असेल तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी प्लॅटफॉर्मवर (धंद्याच्या मेसेजच्या नोंदणीच्या ठिकाणी) तुमच्या कंपनीची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि प्रत्येक मेसेजच्या मजकुराची नोंदणी लागते. मजकुरात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मेसेज अडतो, म्हणून मजकूर लिहिणारा माणूस इथेही हवा. पेमेंट गेटवे घेत असाल तर केवायसी होते आणि साइटवर गोपनीयता, परतावा, संपर्क ही पानं आधीच असावी लागतात.

डीलरचा मोबाइल, पॅन, पत्ता तुम्ही साठवणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा लागतं तेवढंच मागा. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इनला (सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला) सहा तासांत कळवावं लागतं आणि सर्व्हरचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. हे कोण करणार त्या माणसाचं नाव लिहून ठेवा. सर्व्हरची चिंता फारशी नको. ॲमेझॉनचं क्लाउड मुंबईत २०१६ पासून आणि गूगलचं २०१७ पासून आहे.

आठवी पायरी: कॅलेंडर भिंतीवर लावा

सॉफ्टवेअरवाले स्प्रिंट (थोड्या आठवड्यांचे कामाचे टप्पे) आखतात, धंदा मात्र वेगळ्याच तारखांवर चालतो. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं. त्याआधीचे दोन-तीन दिवस अकाउंट्सच्या माणसाला हात लावू नका. महिनाअखेर सेल्सचं टार्गेट. मार्चमध्ये वर्षअखेर. एप्रिलला आयटीत पगारवाढ होते आणि त्यानंतर माणसं नोकऱ्या बदलतात, म्हणून तुमच्या टीममधल्या प्रत्येक कामाची माहिती तेव्हा दोघांना असायला हवी. गणपतीपासून दिवाळीपर्यंत काउंटरवर उभं राहायला जागा नसते.

इलेक्ट्रिकलच्या धंद्यात पावसाळ्यात बांधकामं मंदावतात, काउंटरला श्वास घ्यायला मिळतो. म्हणून आम्ही चालू करायची तारीख जुलैतली धरली आणि उलटं मोजत आलो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात, अकाउंट्सचे सगळे प्रश्न फेब्रुवारीतच विचारून घेतले, मार्चभर त्यांच्याविना चालेल असा कॅटलॉगचा भाग केला. काम वीस आठवड्यांचं, हातात होते चोवीस. ते चार आठवडे पूर्ण खर्च झाले.

नववी पायरी: दहा डीलर, मग बाकीचे

चाचणी ऑफिसातल्या वायफायवर करून भागत नाही. दुकानातल्या मुलाचा जुना अँड्रॉइड फोन घ्या, लोहार चाळीच्या आतल्या गल्लीत उभे राहा, नेटवर्कची एकच दांडी असताना ऑर्डर टाकून बघा. आमची ऑर्डर पहिल्यांदा तिथे दोनदा गेली, कारण "चालू आहे" असं काही दिसलं नाही म्हणून मुलाने बटण परत दाबलं. डीलरकडे आठ बंडलं गेली असती. त्याच संध्याकाळी फ्रंट-एंडच्या मुलीने बटण एकदा दाबल्यावर बंद होईल असं केलं आणि बॅक-एंडला तीच ऑर्डर पुन्हा आली तर ओळखण्याची सोय झाली.

मग दहा डीलर निवडा. सगळे मित्र नकोत. दोन कटकट करणारे, दोन मोबाइल न आवडणारे, एक लांबचा घ्या. दोन आठवडे त्यांचं पोर्टल आणि फोन दोन्ही चालू ठेवा. रोज संध्याकाळी काकांनी त्यांना फोन करून विचारायचं. हा फोन टीमने करू नये. काकांना ते खरं सांगतात, टीमला "छान आहे" म्हणतात.

सगळ्यांसाठी चालू करायचा दिवस २१ ते २५ तारखेच्या दरम्यान, मंगळवार किंवा बुधवार. रविवारी सर्व्हर मोकळा असतो हे खरं, पण बाजार बंद असतो आणि मेगाब्लॉकमुळे टीम अर्धवट पोचते. काही अडलं तर विचारायला दुकानात कोणी नसतं.

चालू झाल्यानंतरची टीम

पहिले तीन महिने एक बॅक-एंडचा माणूस आणि टेस्टर अर्धा वेळ ठेवाच. ते पैसे सुरुवातीच्या बजेटमध्येच धरा, नंतर मागितले तर मालकाला फसवल्यासारखं वाटतं. यादी साफ करणारी व्यक्ती आता कॅटलॉग सांभाळेल. नवी प्राइस लिस्ट आली की तिने चढवायची, काकांनी पाच वस्तू उघडून दर तपासायचे, मगच ती डीलरला दिसायची. बॅकअप रोज घेतला जातो एवढ्यावर समाधान मानू नका, महिन्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडतो का ते बघा.

आणि पोर्टलच्या प्रत्येक पानावर खाली काउंटरचा फोन नंबर ठेवा. आमच्याकडे पहिल्या महिन्यात डीलर ऑर्डर पोर्टलवर टाकायचे आणि मग "काका, मिळाली का?" विचारायला फोन करायचे. आम्ही ऑर्डर स्वीकारल्याच्या मेसेजचा मजकूर बदलला, त्यात बंडलांची संख्या आणि टेम्पो निघायची वेळ घातली, डीएलटीवर तो नव्याने मंजूर करून घेतला. त्यानंतर पालघरचा फोन यायचा तो नवा काही माल आलाय का ते विचारायला.